गाठ दिसते सारखी, नाव निघते निराळे

वर्षावासातला एक रविवार होता. भायखळ्याच्या आमच्या वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन संपले आणि महिला मंडळाच्या बायका चहाला थांबल्या. आम्ही कोपऱ्यात टेबल टाकून रक्तदाब मोजत होतो. गर्दी कमी झाल्यावर एक ताई पुढे आल्या. वय चाळिशीच्या आत, माझगावच्या तीन घरांत धुणीभांडी करणाऱ्या. साडी थोडी वर घेऊन त्यांनी डाव्या गुडघ्याच्या मागे, मांडीच्या खालच्या बाजूला असलेली लिंबाएवढी गाठ दाखवली. "सिस्टर, दुखत नाही, पण हाताला लागते."

आम्ही बोटाने दाबून पाहिले. दुखत नव्हते, ताप नव्हता, वजन उतरलेले नव्हते. आम्ही म्हणालो, "चरबीची गाठ असेल. वाढली तर दाखवा."

हे वाक्य आम्ही इथे मुद्दाम लिहितो आहोत. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेला, अनेक वर्षे वॉर्डात काढलेली. तरीही आम्ही बोटांनी निदान केले. बोटांनी असे निदान होत नसते, हे त्या ताईंच्या पायाने आम्हाला शिकवले. आज ते सर्व सांगायचे आहे, म्हणजे तुमच्या घरात कुणाला गाठ आली तर आमच्यासारखी चूक होऊ नये.

पुढे काय झाले

ताईंची गाठ हळूहळू वाढत राहिली. दिवाळीच्या सुमारास त्या एका खासगी डॉक्टरांकडे गेल्या. तिथे जागा बधिर करून अर्ध्या तासात गाठ काढली. "मुळापासून काढली, आता काळजी नाही," असे सांगितले. काढलेला तुकडा तपासायला गेला नाही. तो कचऱ्यात गेला. हातात राहिले ते पैशांचे बिल आणि मांडीवर आडवी पडलेली टाक्यांची रेघ. काय काढले, कसे काढले, याचा कागद नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत ताई लंगडत चालताना दिसल्या. जुन्या टाक्यांच्या खाली गाठ पुन्हा उठली होती आणि आता ती लिंबाएवढी राहिली नव्हती, मोसंब्याएवढी झाली होती. वर्षावासापासून तोपर्यंत नऊ महिने गेले होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. एमआरआय झाला, मग सुईने तुकडा काढला. काही दिवसांनी कागद आला. त्यावर लिहिले होते: स्पिंडल सेल निओप्लाझम, पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी.

घरी रडारड सुरू झाली. भाच्याने मोबाईलवर ते शब्द टाकले आणि "मावशीला कॅन्सर आहे" असे चाळीभर झाले. दीर म्हणाले, गावाकडे लेप लावणारा आहे, तिकडे नेऊ. कुणी म्हणाले, सुई टोचली म्हणूनच आता पसरणार. त्या रात्री ताईंच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून आम्ही सर्वांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो: या कागदावर अजून आजाराचे नाव लिहिलेले नाही. फक्त पेशीचा आकार लिहिला आहे.

स्पिंडल म्हणजे चाती

स्पिंडल हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. भायखळ्याच्या खटाव मिलपासून लालबाग-परळच्या गिरण्यांपर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांनी सूतकताईच्या खात्यात जन्म घालवला. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याला विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा विणकामापासून दूर ठेवलेल्या आपल्या माणसांच्या हाती आली ती चाती, म्हणजेच स्पिंडल.

चाती मध्ये जाड आणि टोकांना निमुळती असते. सूक्ष्मदर्शकाखाली काही गाठींतल्या पेशी अगदी अशाच लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. म्हणून डॉक्टर त्यांना स्पिंडल सेल म्हणतात.

आपल्या शरीरात हाड आणि कातडी यांच्यामध्ये जे काही आहे, म्हणजे स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, या सर्वांना बांधून ठेवणारे तंतू, त्याला सॉफ्ट टिश्यू म्हणतात. यातल्या अनेक पेशी मुळातच लांबट असतात. स्नायूच्या पेशी, मज्जातंतूवरच्या वेष्टणाच्या पेशी, जखम भरून काढणाऱ्या पेशी, या सर्वांच्या गाठी स्पिंडल सेलच्याच असू शकतात. त्यांतल्या कितीतरी अगदी साध्या असतात. काही साध्या आणि वाईट यांच्या मधल्या असतात: दूर पसरत नाहीत, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा येतात. आणि काही खरोखरचा कॅन्सर असतात. सॉफ्ट टिश्यूच्या कॅन्सरला सारकोमा म्हणतात.

सारकोमा हा फार कमी आढळणारा कॅन्सर आहे. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा साधारण १ टक्का. अंगावर येणाऱ्या शंभर गाठींतल्या जवळजवळ नव्याण्णव साध्या निघतात. म्हणूनच शंभरावी गाठ हातातून निसटते. ती पाहणाऱ्याला, मग तो डॉक्टर असो वा आमच्यासारखी नर्स, "चरबीची असेल" म्हणायची सवय लागलेली असते.

एकच शब्द, तीन माणसे

ताईंच्या निमित्ताने आम्ही आमच्याकडे आलेले जुने कागद पुन्हा चाळले. स्पिंडल सेल हा शब्द असलेले आणखी दोन कागद निघाले.

पहिला एका बावीस वर्षांच्या मुलाचा. मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणारा. त्याच्या हातावर, कोपराच्या खाली गाठ आली आणि तीन आठवड्यांत सुपारीएवढी झाली. एवढ्या वेगाने वाढली म्हणून सर्वांचा धीर सुटला. पेशी पाहिल्या तर त्याही भराभर विभागत असलेल्या. तपास पूर्ण झाल्यावर नाव निघाले नोड्युलर फॅसिआयटिस. ही पूर्णपणे साधी गाठ. अनेकदा आपोआप विरते. १९५५ साली डॉक्टरांनी तिचे पहिल्यांदा वर्णन केले तेव्हा 'खोटा सारकोमा' अशाच अर्थाचे नाव तिला दिले होते, कारण ती कॅन्सरचे सोंग घेते. तिच्या पेशींत यूएसपी६ नावाच्या जनुकात बदल सापडतो, हे आता माहीत झाले आहे. नाव बरोबर लागले नसते तर या मुलाच्या हातावर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया झाली असती.

दुसरा कागद एका निवृत्त सफाई कामगार आजोबांचा. दंडावर आठ वर्षांची गाठ. तिच्यावर टिचकी मारली की बोटांपर्यंत मुंग्या येत. ही निघाली श्वानोमा, मज्जातंतूच्या वेष्टणाची साधी गाठ. अनुभवी सर्जनने मज्जातंतू वाचवून ती सोलून काढली. आजोबा आजही हाताने चहाचा कप धरतात.

तिसरा कागद ताईंचा. त्यांचे नाव निघाले सायनोव्हियल सारकोमा.

तिन्ही कागदांवरचे पहिले शब्द सारखेच होते. पुढच्या तपासण्यांनी तीन वेगळे रस्ते दाखवले. त्या तपासण्या कशा होतात, ते क्रमाने पाहू.

पायरी पहिली: आधी फोटो, मग सुई

गाठ खोल आहे की वरवर, स्नायूत शिरली आहे का, मोठी रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू जवळ आहे का, हे आधी कळायला हवे. लहान, वरच्या गाठीला सोनोग्राफी पुरते. मोठ्या किंवा खोल गाठीला एमआरआय लागतो. तो तुकडा काढण्याआधी झालेला बरा, कारण सुई टोचल्यावर आत रक्त साकळते आणि चित्र गढूळ होते.

आपल्या वस्त्यांत टीबी खूप आहे. टीबीचा पू साठूनही गाठ होते आणि ती लाल किंवा गरम नसते. म्हणून डॉक्टर टीबीचाही विचार करतात. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लाज न धरता सांगा.

पायरी दुसरी: तुकडा कसा घ्यायचा

बारीक सुईने पाणी काढून तपासतात, ती एफएनएसी. ती स्वस्त आणि लवकर होते. पण तिच्यात सुट्या पेशी मिळतात, त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते दिसत नाही. स्पिंडल सेल गाठीत नेमके तेच पाहायचे असते. म्हणून इथे कोअर बायोप्सी लागते. तिला ट्रू-कट असेही म्हणतात. जाड सुईने शेवईएवढे लांबट तुकडे घेतले जातात. जागा बधिर केलेली असते, बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते.

सुई कुठून घालायची, हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवलेले चांगले. हाता-पायावर छेद लांबीच्या दिशेने असतो आणि सुईची वाटही त्याच रेषेत ठेवतात, म्हणजे शस्त्रक्रियेत गाठीबरोबर ती वाटही काढून टाकता येते. ताईंच्या मांडीवरचा पहिला छेद आडवा होता. त्यामुळे दुसऱ्या वेळी चांगल्या मांसाचाही बराच मोठा भाग काढावा लागला.

सुईने कॅन्सर पसरतो ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. नीट आखून केलेल्या सुईच्या तपासणीत हा धोका फारच कमी असतो. घाईने, फोटो न काढता, नाव न कळता गाठ कापून काढली तर मात्र पेशी आजूबाजूच्या मांसात सांडतात आणि मागे राहतात.

पायरी तिसरी: बाटलीतले पाणी

ही गोष्ट साधी वाटते, पण इथे कितीतरी तपास वाया जातात. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा लागतो आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या साधारण दहापट हवे. साध्या सलाईनमध्ये ठेवला, की तो सडू लागतो. मग पुढच्या रंगाच्या तपासण्या नीट उतरत नाहीत. टीबीची तपासणीही करायची असेल तर डॉक्टर त्यासाठी दुसरा तुकडा फॉर्मेलिनशिवाय पाठवतात.

बाटलीवर रुग्णाचे नाव, वय, कुठल्या बाजूच्या कुठल्या भागातून तुकडा घेतला ते लिहिलेले आहे का, हे नातेवाइकांनी स्वतः वाचावे. आम्ही वॉर्डात असताना घाईगर्दीत दोन बाटल्यांची चिठ्ठी बदलता बदलता राहिलेली पाहिली आहे. विचारायला लाजू नका. सिस्टर रागावल्या तर रागावू द्या.

पायरी चौथी: काचेवरचा पातळ पापुद्रा

प्रयोगशाळेत तुकड्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. तिच्यातून केसाहूनही कितीतरी पातळ पापुद्रे कापून काचेवर घेतात आणि रंगवतात. पेशीचे केंद्र जांभळे-निळे दिसते, बाकीचा भाग गुलाबी. ही काच म्हणजे स्लाइड.

पॅथॉलॉजिस्ट आता पाहतो: पेशी कशा मांडल्या आहेत? सुताच्या लडीसारख्या, की माशाच्या काट्यासारख्या तिरप्या ओळींत? किती पेशी विभागत आहेत? मधला भाग मेलेला आहे का? गाठ कॅन्सरची असेल तर यावरूनच तिची १ ते ३ अशी ग्रेड ठरते. ग्रेड जितकी मोठी तितकी ती पसरण्याची शक्यता जास्त.

आकार पाहून पॅथॉलॉजिस्ट यादी छोटी करतो, पण नाव नेहमीच ठरत नाही. त्यात त्वचेचा मेलानोमा आणि काही प्रकारचे कार्सिनोमाही लांबट पेशींचे सोंग घेतात. म्हणून कागदावर 'इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी' असे येते. याचा अर्थ डॉक्टर काही लपवत आहेत किंवा आपल्याला उगाच फिरवत आहेत असा होत नाही. आमच्या वस्तीत अनेकजण नेमके इथेच तपास सोडून देतात.

पायरी पाचवी: तपकिरी रंगाची साक्ष

प्रत्येक पेशीत तिच्या कुळाची काही प्रथिने असतात. त्या प्रथिनाला नेमके जाऊन चिकटणारे द्रव्य स्लाइडवर टाकतात. प्रथिन असेल तर ती जागा तपकिरी रंगते. या तपासणीचा पाया १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी घातला.

मज्जातंतूच्या वेष्टणाची गाठ असेल तर एस-१०० रंगते. आजोबांच्या कागदावर ते ठळक होते. स्नायूची असेल तर डेस्मिन आणि एसएमए. कातडीखाली वर्षानुवर्षे वाढणारी आणि काढली तरी परत येणारी डीएफएसपी नावाची गाठ असेल तर सीडी३४. पोटाच्या किंवा खोल मांसाच्या डेस्मॉइड गाठीत बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रात दिसते. ही गाठ दूर पसरत नाही, पण आजूबाजूला घुसत जाते.

एकाच रंगावरून कुणी नाव ठरवत नाही. एकच रंग दोन वेगळ्या आजारांत दिसू शकतो. म्हणून चार-सहा रंग एकत्र लावतात, आणि स्लाइडचा आकार, एमआरआय, रुग्णाचे वय, गाठीची जागा हे सर्व जुळवून पाहतात. यासाठी पॅथॉलॉजिस्टला रुग्णाची हकिकत कळायला हवी. बायोप्सीबरोबर जाणाऱ्या अर्जावर फक्त 'मांडीची गाठ' लिहून भागत नाही. आधी एकदा काढली होती, परत आली, हे लिहिलेच पाहिजे. ताईंच्या वेळी आम्ही ते डॉक्टरांकडून लिहून घेतले.

ताईंच्या तुकड्यात टीएलई१ रंगले आणि काही ठिकाणी ईएमए रंगले. संशय सायनोव्हियल सारकोमाचा होता.

पायरी सहावी: जनुकाची तपासणी

काही सारकोमांत दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चुकीचे जोडले जातात. सायनोव्हियल सारकोमात हे एक्स आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांत घडते. फिश नावाच्या तपासणीत चमकणाऱ्या खुणा लावून हा जोड पाहता येतो. सर्वांनाच ती लागत नाही. रंगांनी उत्तर पक्के होत नसेल तेव्हा ती करतात. ताईंच्या तपासणीत हा जोड सापडला आणि नाव पक्के झाले.

सायनोव्हियल सारकोमा अनेकदा तरुण वयात, हाता-पायाच्या सांध्याजवळ होतो आणि सुरुवातीला अगदी सावकाश वाढतो. म्हणूनच तो साध्या गाठीसारखा वाटतो. आमची बोटे तिथेच फसली.

परळची जुनी प्रयोगशाळा

हे सर्व तपास आपल्यापासून फार लांब होत नाहीत. भायखळ्यातच जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज आहे, दोन्ही १८४५ पासून. बाबासाहेबांच्या नावाच्या रस्त्याने उत्तरेला गेले की परळचे के.ई.एम. आणि टाटा मेमोरियल. रेल्वेने गेलात तर भायखळ्याहून तिसरे स्टेशन.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्याआधी त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजी शिकवली होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कोणत्या लोकांना कोणता कॅन्सर जास्त होतो आणि त्यांच्या राहणीमानाशी त्याचा काय संबंध, याचा त्यांनी शोध घेतला. १९६३ साली डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कॅन्सर नोंदणी सुरू झाली. लोकवस्तीवर आधारलेली देशातली ती पहिली नोंदणी. १९६२ पासून टाटा रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आज तिथे हाडे आणि सॉफ्ट टिश्यूच्या गाठींसाठी सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, एक्स-रेचे डॉक्टर आणि किरणोपचाराचे डॉक्टर एकत्र बसून विचार करतात. बाहेर कुठे तपास झाला असेल तर तिथल्या स्लाइड आणि ब्लॉक इथे पुन्हा पाहिले जातात. स्पिंडल सेल गाठींत दुसऱ्या नजरेने नाव बदलू शकते, म्हणून हे फेरतपासणीचे पाऊल टाळू नका.

नाव बरोबर लागण्याची किंमत काय, याचे एक उदाहरण मुंबईकरांच्या लढ्यातले आहे. जठर आणि आतड्यात होणारी जिस्ट नावाची गाठ बहुतेकदा स्पिंडल सेलचीच असते. पूर्वी तिला स्नायूची गाठ समजत आणि तिच्यावर केमोथेरपी चालत नसे. १९९८ साली तिच्यातला केआयटी जनुकाचा दोष कळला, आणि इमॅटिनिब नावाची गोळी तिच्यावर लागू पडली. परदेशी कंपनीची ही गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना होती, देशी कंपन्यांची सुमारे ८ ते १० हजारांना. पेटंटच्या विरोधात मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने लढा दिला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. गोळी गरिबाच्या हाताशी राहिली. पण ती कुणाला द्यायची, हे पॅथॉलॉजीच्या कागदावरूनच ठरते.

घरच्यांनी काय करावे

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर गाठ मोठ्या रुग्णालयात दाखवा:

– गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, म्हणजे मोठ्या लिंबाहून जास्त.
– लहान असली तरी वाढत आहे.
– खोल आहे, स्नायू आवळला की हलत नाही.
– दुखू लागली आहे.
– एकदा काढलेली पुन्हा आली आहे.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सारकोमा बऱ्याचदा दुखत नाही. घरात कुणाच्या अंगावर अनेक मऊ गाठी आणि कॉफीच्या रंगाचे डाग असतील तर त्यांतली एखादी अचानक वाढली किंवा दुखू लागली की लगेच दाखवा.

अंगातून काढलेला कोणताही तुकडा, कितीही छोटा असो, तपासायला पाठवायला सांगा. "मुळापासून काढली" या शब्दावर थांबू नका. शस्त्रक्रियेचा कागद आणि पॅथॉलॉजीचा कागद दोन्ही मागा. दुसरीकडे जायचे असेल तर स्लाइड आणि ब्लॉक लेखी अर्ज देऊन घ्या, आणि ब्लॉक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, ते मेणाचे आहेत. सर्व कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. आता प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती नाही, हे आधी विचारा. बाकीच्यासाठी समाजसेवा अधीक्षकांकडे जा, ते धर्मादाय निधीचे अर्ज भरून देतात. गावाहून आलेल्या नातेवाइकांना राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे.

आणि कागद यायला वेळ लागतो हे धरून चला. मेण, रंग, जनुकाची तपासणी यांत आठवडे जातात. त्या काळात रोजंदारी बुडते, घरात वाद होतात. अशा वेळी रुग्णाला एकट्याने रांगेत उभे करू नका. आमच्या महिला मंडळाने ताईंसाठी पाळ्या लावल्या. एक बाई रांगेत, एक ताईंच्या कामाच्या घरी बदली, एक त्यांच्या मुलांच्या डब्याला. हे औषध नव्हे, पण याच्याशिवाय तपास पूर्ण झाला नसता.

आज ताई

सारकोमा रक्तातून बहुतेकदा फुप्फुसांत जातो, म्हणून ताईंचा छातीचा सीटी स्कॅन झाला. छाती स्वच्छ निघाली. मग जुन्या टाक्यांसकट मोठी शस्त्रक्रिया, त्यानंतर काही आठवडे किरणोपचार. पाय वाचला. जिना चढताना त्या थांबतात, धुण्याचे काम सुटले, आता दोन घरी स्वयंपाक करतात. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात आणि जायच्या आदल्या रात्री झोपत नाहीत. पुढे काय होईल, याचे वचन कुणी दिलेले नाही.

आम्ही त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तरी नंतर बरोबर आलात."

विहारातले आमचे टेबल अजून दर रविवारी लागते. रक्तदाबाच्या वहीशेजारी आता मोजपट्टी आणि एक वेगळी वही असते. कुणी गाठ दाखवली की आम्ही ती मोजतो, तारीख लिहितो, वरच्या पाच गोष्टी विचारतो. एक जरी असेल तर त्याच आठवड्यात बरोबर जातो. नसेल तर महिन्याने पुन्हा मोजायला बोलावतो. गाठीचे नाव मात्र आम्ही सांगत नाही.